पुण्यात पहिलं बिऱ्हाड थाटताना : घर, हिशेब आणि देण्याचा डबा

लातूर, जळगाव, सांगली, चंद्रपूर अशा ठिकाणांहून पहिल्या नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. हातात पडणारा पगार पंचवीस ते पस्तीस हजार, दोघा-तिघांत मिळून भाड्याचा फ्लॅट, आणि आजवर आई-बाबा परस्पर भरत आलेली बिलं आता स्वतःच्या फोनवर.

मराठीत 'देणं' हा शब्द दोन्हीकडे चालतो. ज्याचे पैसे आपल्याकडे बाकी आहेत तेही देणं, आणि आपल्या खुशीने दुसऱ्याला दिलं तेही देणं. नवीन बिऱ्हाडात या दोन्हींची सवय एकदमच लागते, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी पहिलं, मग दुसरं. घरकामाच्या मावशींचा पगार थकवून अनाथाश्रमाला पैसे पाठवणं हा चुकलेला क्रम. आणि 'आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू' म्हणत दुसरं पुढे ढकलत राहणं ही त्याहून जास्त दिसणारी चूक. पगार वाढतो तसा खर्चही वाढतो, आणि स्थिरस्थावर झाल्याची तारीख कॅलेंडरवर उगवतच नाही.

घरात पाऊल टाकण्याआधी

समजा, २४,००० रुपये भाड्याचा टू बीएचके तिघांत घेताय. पुण्यात डिपॉझिट साधारण दोन ते तीन महिन्यांचं मागतात. इथे ६०,००० धरू. म्हणजे प्रत्येकी २०,०००. पहिल्या महिन्याचं भाडं ८,०००. ब्रोकर असेल तर त्याचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे आणखी ८,०००. कराराचा खर्च प्रत्येकी हजाराच्या आसपास. गादी, बादली, कुकर, चार भांडी, पडदे यांचे सहा हजार. बेरीज ४३,०००. आणि पहिला पगार येणार महिना संपल्यावर.

बहुतेकांची गाडी इथेच पहिल्यांदा अडते. वीस हजार खिशात घेऊन आलेला मुलगा डिपॉझिट मित्राकडून उसनं घेतो आणि बाकीचं क्रेडिट कार्डावर टाकतो. कार्डाची थकबाकी महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे वर्षाला छत्तीस ते बेचाळीस टक्के. ती फेडण्यात पुढचे सहा महिने जातात. एवढे पैसे जवळ नसतील तर पहिले दोन-तीन महिने पीजी किंवा कॉट बेसिसवर (म्हणजे खोलीतल्या एका कॉटचंच भाडं देऊन) काढावेत, त्यात कमीपणा काही नाही. सामानही एकदम घेऊ नका. पहिल्या आठवड्यात गादी, बादली-मग, कुकर आणि एक कढई एवढ्यावर भागतं. बाकीचं काय खरोखर लागतं ते महिनाभर राहिल्यावर कळतं.

करार मात्र पक्का करा. भाडेकरार साधारण अकरा महिन्यांचा असतो, त्याला 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात. महाराष्ट्रात तो नोंदवणं सक्तीचं आहे आणि ती कायदेशीर जबाबदारी घरमालकाची आहे. 'नोटरी करून देतो, तेवढं पुरतं' असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे; नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. मुद्रांक शुल्क निघतं ते असं : अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, म्हणजे ५,५००. एकूण २,६९,५००, त्याच्या पाव टक्का म्हणजे सुमारे ६७५ रुपये. व्यवहारात ७०० धरा. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. वर किरकोळ शुल्क आणि अंगठा घ्यायला मशीन घेऊन घरी येणाऱ्या एजंटची फी. नोंदणी झाली की 'इंडेक्स टू', म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा, मिळतो. त्याची प्रत फोनमध्ये आणि मेलवर ठेवा. बँकेत पत्ता बदलायला, गॅस जोडणीला तोच लागतो. करारात नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी घर सोडलं तर काय, आणि रंगाचे पैसे कोण देणार, या तीन ओळी बोट ठेवून वाचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते, ती ऑनलाइन देता येते. मालकाने कळवली का ते विचारून घ्या.

चाव्या हातात आल्या की सामान आत नेण्याआधी अर्धा तास फोटोंना द्या. मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो. प्रत्येक नळ सोडून, सिंकखाली हात घालून ओल बघा. खिडकीच्या कोपऱ्यातला बुरशीचा काळा पट्टा, बाथरूमच्या दाराचा खालून फुगलेला प्लाय, ओट्याच्या कडेचा टवका, गीझरची लागत नसलेली लाल लाइट, पंख्याच्या रेग्युलेटरचं फिरतं बटण, सगळं टिपा. हे फोटो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि खाली लिहा : 'काका, ताबा घेताना असं होतं, नोंद म्हणून पाठवतोय.' वर्षभराने डिपॉझिटमधून पाच हजार कापायची भाषा सुरू झाली की हाच मेसेज कामाला येतो. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो टाकून आधीच्या भाडेकरूची थकबाकी नाही ना, तेही बघून घ्या.

महिन्याची तोंडमिळवणी

हातात ३०,००० येतात असं धरून एक मांडणी देतो. आकडे तुमच्याप्रमाणे बदला, क्रम बदलू नका.

भाड्याचा वाटा ८,०००. लाइट, नेट, पाणी, मावशी यांचा वाटा २,०००. जेवण ६,०००. प्रवास २,०००. फोन, औषधं, किरकोळ २,०००. घरी पाठवायचे ४,०००. अडीअडचणीसाठी बाजूला ४,०००. देण्याचा डबा, म्हणजे दुसऱ्यांना द्यायला वेगळे काढलेले, ९००. उरले ११००, ते स्वतःच्या हौसेला. हौसेचा आकडा शून्य ठेवू नका. शून्य ठेवणारी माणसं तिसऱ्या महिन्यात एकदम पाच हजार उडवतात आणि सगळाच हिशेब सोडून देतात.

देण्याचे ९०० म्हणजे तीन टक्के. पहिले तीन महिने ३०० पासूनच सुरुवात करा, म्हणजे एक टक्का. कार्डाची थकबाकी असेल तर ती फिटेपर्यंत ३०० च्या वर जाऊ नका. तीनशे रुपयांनी जगात काय फरक पडणार, असं वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुलं जेवली त्यात मुष्टिफंडाचा वाटा होता. बायका दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायच्या. मूठ लहान होती, पण ती दर वेळी निघायची. आपल्यालाही तेवढंच जमवायचं आहे.

डबा खरोखरच वेगळा हवा. त्याच खात्यात 'मनातल्या मनात' ठेवलेले पैसे विसाव्या दिवशी पिझ्झ्यात जातात. पगाराच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या जास्तीच्या बचत खात्यात रक्कम आपोआप जाईल असं लावून द्या. ते शून्य शिलकीचं खातं असलं तर बरं, नाहीतर किमान शिलकीचा दंड बसू शकतो. ९०० चे तीन भाग करा. ५०० दर महिन्याला एकाच ठरलेल्या संस्थेला. ३०० अचानक समोर येणाऱ्या गरजेला. त्या महिन्यात गरज आली नाही तर ते साठू द्या. १०० सणासाठी, दिवाळीपर्यंत बाराशे होतात. अचानकच्या भागाला मर्यादा असणं फार महत्त्वाचं आहे. नवखा माणूस पहिल्या दोन महिन्यांत कुणी हात पसरला की देतो, एकदा फसतो, आणि मग पुढची दहा वर्षं कुणालाच देत नाही. मर्यादा असली की फसलात तरी तीनशेला फसता, आणि पुढच्या महिन्यात हात पुन्हा मोकळा असतो.

ज्यांचे लागतो त्यांचे आधी

भांडी, झाडू-फरशी करणाऱ्या मावशींचे पैसे एक तारखेला, फार तर दोनला. तीन रूममेटमध्ये 'मला वाटलं तू दिलेस' होतं आणि त्यांना नऊ तारखेला स्वतःहून मागावे लागतात. त्यांच्या घरचं भाडं, भिशी, मुलाची फी पहिल्या आठवड्यातच असते. उपाय सोपा आहे : तिघांपैकी एकाने पूर्ण रक्कम द्यायची आणि मग दोघांकडून घ्यायची.

कामावर ठेवतानाच बोलून घ्या. काम कोणतं, किती वाजता, महिन्याला किती सुट्ट्या. चार सुट्ट्या सर्रास चालतात. तुम्ही गणपतीला दहा दिवस गावी गेलात तर त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. सुट्टी तुम्ही घेतली, त्यांनी नाही. दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस, आणि तो दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस, म्हणजे त्यांचीही खरेदी होते. वर्षाला पगारवाढ त्यांनी मागायच्या आधी द्या. हे सगळं रीतीचं आहे, याला देण्याच्या डब्यातून हात लावू नका. घरकामगारांसाठी राज्यात २००८ च्या कायद्याने कल्याण मंडळ आहे आणि तिथे नोंदणी करता येते, हे पुष्कळ मावशींना ठाऊक नसतं. फॉर्म भरायला बसून तासभर मदत केलीत तर ते खरं दान झालं.

त्यांना शिळं देऊ नका. उरलेला भात उन्हाळ्यात ओट्यावर राहिला की काही तासांत आंबतो, आणि वास यायच्या आधीच तो पोटाला बाधू शकतो. द्यायचं तर स्वतःसाठी वाढून घ्यायच्या आधी काढून द्या. मापात शिजवलं तर उरतच नाही : तिघांना दीड वाटी तांदूळ, त्याला दुप्पट पाणी, पाऊण वाटी तूरडाळ, हळद-हिंग घालून चार शिट्ट्या. गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर एजन्सीत मिळतो. तिघांच्या एका वेळच्या स्वयंपाकाला साधारण तीन आठवडे जातो. नळी केशरी सुरक्षा नळीच घ्या आणि तिच्यावरचं साल वाचा, पाच वर्षांनी ती बदलायची असते.

धान्य द्यायचं असेल तर

सोसायटीच्या वॉचमनकाकांच्या घरी आजारपण आलं, शेजारच्या बांधकामावरचं काम बंद पडलं, अशा वेळी किराणा देणं सगळ्यात सरळ. नवखी माणसं दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ घेऊन जातात. पण ज्यांच्याकडे रेशनकार्ड आहे अशा प्राधान्य कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य महिन्याला फुकट मिळतंच. अडतं ते डाळ, तेल, साखर, चहा यांवर. चार माणसांच्या घराला महिनाभराचा आधार म्हणून दोन किलो तूरडाळ, एक किलो मसूर किंवा मटकी, दोन लिटर तेल, दोन किलो साखर, अर्धा किलो चहा, एक किलो शेंगदाणे, तिखट-हळद-मीठ, अंगाचे तीन साबण, कपड्यांचा एक किलो सोडा, आणि घरात बाई-मुली असतील तर सॅनिटरी पॅडची दोन पाकिटं. हे न बोलता पिशवीत ठेवा.

आधी एक प्रश्न विचारा : 'रेशन कुठे उचलता?' कार्ड गावाकडे, बीड किंवा यवतमाळला, असं उत्तर आलं तर त्यांना सांगा की आधार जोडलेलं असेल तर इथल्या रेशन दुकानातूनही तेच धान्य उचलता येतं. एवढी माहिती किराण्याच्या चार पिशव्यांहून जास्त दिवस टिकते. आणि पिशवी देताना फोटो काढू नका. सोसायटीच्या ग्रुपवर वॉचमनकाकांचा पिशवी घेतानाचा फोटो गेला की दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांना प्रत्येकाच्या नजरेला नजर द्यायची असते.

उसने मागणारे

पुण्यात नोकरी लागली ही बातमी गावात चार दिवसांत पोचते. मग फोन येतात. चुलतभावाला मोबाइलचा हप्ता, शाळेतल्या मित्राला 'फक्त पंधरा दिवसांसाठी' आठ हजार. इथे नियम एकच ठेवा : परत आले नाहीत तरी नातं टिकेल एवढीच रक्कम द्यायची, आणि ती दिली असं समजूनच द्यायची. आठ हजार मागितले तर डब्यातल्या अचानकच्या भागात साठले असतील तेवढेच काढा आणि म्हणा, 'आत्ता माझ्याकडे एवढेच आहेत, आणि हे परत नकोत.' मागणारा थोडा नाराज होईल, पण तीन महिन्यांनी तुम्हाला बघून रस्ता बदलणार नाही. 'बघतो', 'सांगतो' असं अर्धवट बोलू नका. नाही म्हणायचं असेल तर त्याच फोनवर नाही म्हणा, म्हणजे त्याला दुसरीकडे विचारायला वेळ मिळतो. अडीअडचणीची शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चाएवढी होईपर्यंत तिला कुणासाठीच हात लावायचा नाही. अपवाद फक्त घरच्यांच्या दवाखान्याचा.

कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका, तुमच्या नावावर दुसऱ्याचा हप्ता चालू करू नका. यात औदार्य काही नाही, आणि त्याने न फेडल्यास बिघडतो तो तुमचा क्रेडिट स्कोअर.

'अर्जंट मदत हवी' असा मेसेज आला की

लहान मुलाचा नळ्या लावलेला फोटो, खाली क्यूआर कोड. यातले काही मेसेज खरे असतात, काही वर्षानुवर्षं फिरत असतात, काहींत फोटो खरा आणि कोड भलत्याचा असतो. भावनेच्या भरात कोड स्कॅन करू नका आणि 'सगळी फसवाफसवी' म्हणून पुसूनही टाकू नका. दहा मिनिटांचं काम आहे, ते करा.

मेसेजवर तारीख आहे का बघा. हॉस्पिटलचा नंबर मेसेजमधून न घेता हॉस्पिटलच्या वेबसाइटवरून घ्या. फोन करून समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे मेडिकल सोशल वर्करना, जोडून द्या म्हणा. रुग्णाचं नाव आणि भरतीचा नंबर सांगून विचारा की असा रुग्ण आहे का आणि बिलाची गरज आहे का. असेल तर पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात, रुग्णाच्या नावे, आणि पावती घ्या. नातेवाइकांच्या हातात थोडे रोख द्यावे लागतात ते जेवणाला आणि बाहेरून आणायच्या औषधांना. ते अचानकच्या तीनशेतून.

पैशांहून मोठं काम पुढे आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. पुण्यातली बरीच मोठी, चकचकीत दिसणारी रुग्णालयं धर्मादाय आहेत. रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. खेड्यातून आलेल्या नातेवाइकांना हे माहीत नसतं, माहीत असलं तरी काउंटरवर बोलायचं धाडस होत नाही. तुम्ही ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून त्यांच्यासोबत उभे राहिलात तर उत्तर नीट मिळतं. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तो आजार बसतो का, हे तिथल्याच आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेसाठी रुग्णालयात बसणाऱ्या मदतनिसाला, विचारायचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि मुंबईतल्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडेही उपचारांसाठी अर्ज करता येतो. सगळीकडे लागणारी कागदपत्रं जवळपास तीच असतात : आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक. एक संच स्कॅन करून त्यांच्याच फोनमध्ये ठेवून द्या. डिस्चार्ज झाल्यावर अर्ज केला तर बहुतेक ठिकाणी उशीर झालेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा.

महिन्याचे पाचशे कुणाला

एकच संस्था निवडा आणि किमान वर्षभर बदलू नका. संस्थेला पाचशे रुपये एकदा मिळण्यापेक्षा दर महिन्याला येणार हे ठाऊक असणं जास्त उपयोगी. त्यावर भाजीचं, शिक्षकाच्या मानधनाचं नियोजन होतं. विश्वस्त संस्थेची पावती बघा : धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, पत्ता, पॅन छापलेला हवा. मागच्या वर्षीचा अहवाल मागा. चांगल्या संस्था तो आनंदाने देतात. शक्यतो जाऊन बघता येईल अशी संस्था घ्या. तुमच्यासारखीच गावाकडून आलेली मुलं सांभाळणारी विद्यार्थी साहाय्यक समिती पुण्यात १९५५ पासून आहे. अच्युतराव आपट्यांनी ती सुरू केली. वसतिगृहात कामाचा वाटा मुलं स्वतः उचलतात. आपल्या अनुभवाजवळचं काम निवडलं की नेमकं काय अडतं ते आपल्याला आपोआप कळतं.

सगळे जिला ८०जी म्हणतात ती दानावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांहून जास्त रोख दिलेल्या दानाला तिथेही मिळत नाही. वर धरलेल्या पगारावर नव्या प्रणालीत कर लागतच नाही, तेव्हा संस्था निवडताना करसवलत डोक्यातून काढून टाका.

रक्त

पैसे नसतानाही देता येतं ते हे. वय १८ पूर्ण, वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान १२.५. एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ च्या वर असेल तर ४५० चालतं. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा द्यावं. टॅटू काढला असेल तर बारा महिने थांबावं लागतं. रात्रपाळी करून झोप न घेता गेलात तर परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. आयटीतल्या मुलांचं इथेच चुकतं : सकाळी सहाला शिफ्ट सुटते आणि तसेच रक्तपेढीत. झोपा, पोटभर नाश्ता करा, अर्धा लिटर पाणी प्या, मग जा. सुई आत असते जेमतेम दहा मिनिटं. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा, लगेच दुचाकी काढू नका.

कधी द्यायचं हे किती द्यायचं याइतकंच महत्त्वाचं. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाचच दिवस. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो पिशव्या जमल्या तर त्या महिनाभरात वापरल्या न गेल्यास वाया जातात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद, माणसं गावी, शिबिरं कमी. तेव्हा टंचाई होते. दिवाळीच्या सुट्टीतही तसंच. म्हणून शिबिराची वाट न बघता मे महिन्यात थेट जवळच्या रक्तपेढीत जा आणि नियमित दाता म्हणून नाव नोंदवा.

वेळ

शनिवारचे दोन तास ही नोकरदाराकडची दुसरी पुंजी. अंध विद्यार्थ्यांना परीक्षेला लेखनिक लागतात. पुण्यात कोरेगाव पार्क आणि कोथरूडला अंधशाळा आहेत, शिवाय कॉलेजांत शिकणारी मुलं पुष्कळ. बऱ्याच परीक्षांत लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे इंजिनिअरला प्रत्येक पेपर लिहिता येत नाही, आधी विचारा. पण सरावाचे पेपर लिहून देणं, धडे वाचून रेकॉर्ड करणं कुणालाही जमतं. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. 'येतो' म्हणून पेपरच्या सकाळी ऑफिसची मीटिंग निघाली, तर त्या मुलाचं वर्ष जाऊ शकतं. त्या दिवसाची रजा आधी मंजूर करून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नवखा उत्साहाने केळ्यांचे घड घेऊन नाना पेठ, भवानी पेठेकडे धावतो. केळी तिथे ढिगाने असतात, सालींवरून वारकरी घसरतात. कमी पडतात त्या पायांच्या फोडांवरच्या पट्ट्या, चपलांचे अंगठे शिवून देणारे हात, मोबाइल चार्जिंगची पट्टी, म्हाताऱ्या बायकांसाठी रिकामं ठेवलेलं स्वच्छतागृह. तुमचा फ्लॅट त्या भागात असेल तर दोन दिवस बाथरूम उघडं ठेवा, बाहेर बादली-साबण ठेवा.

घर सोडताना

नोटीस लिहून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि मेलवर. शेवटच्या दिवशी पुन्हा तेच फोटो, त्याच कोपऱ्यांचे. मीटरचं रीडिंग मालकासमोर घ्या आणि शेवटचं बिल येईपर्यंत त्याचा अंदाज धरून पैसे वळते करा, म्हणजे डिपॉझिट अडवून ठेवायला कारण उरत नाही. मावशींना महिनाभर आधी सांगा, त्यांना त्या वेळेचं दुसरं काम शोधायचं असतं. निघताना अर्ध्या महिन्याचा पगार जास्तीचा द्या आणि इमारतीत नव्याने आलेल्यांशी त्यांची ओळख करून द्या.

गादी, बादल्या, रॅक, पडदे विकायला काढले तर हजार-बाराशे येतात. त्यापेक्षा ऑफिसात येत्या एक तारखेला रुजू होणारं कोण आहे ते विचारा. गादी दोन दिवस कडक उन्हात टाका, पडदे धुवा, कुकरची रिंग नवी घाला. साठ-सत्तर रुपयांची येते. सोबत एका कागदावर लिहा : पाणी किती वाजता येतं, कचरा कुणाकडे द्यायचा, कोणतं पोळी-भाजी केंद्र रविवारी उघडं असतं, प्लंबरचा नंबर, आणि मावशींचं नाव.